सगळ्यांचं मशीन

आमच्या नाशिकच्या कॉलेजातलं संशोधनाचं क्लस्टर, म्हणजे एकत्र जोडलेले मोठे संगणक, एक सर सांभाळतात. नवं सॉफ्टवेअर मागितलं की चष्मा पुसत म्हणतात, "मशीन सगळ्यांचं आहे." मग त्यावर खातं असलेल्या प्रत्येकाची हरकत नसल्याची सही आणावी लागते.

एका विद्यार्थिनीला कांद्याचा रोग फोटोवरून ओळखणारं मॉडेल शुक्रवारपर्यंत द्यायचं होतं, आणि त्यासाठी नवं सॉफ्टवेअर हवं होतं. एकच सही उरली, लासलगावात व्यापारी झालेल्या जुन्या संशोधकाची. सरांनी त्याला फोन लावला.

"लिलाव चालू आहे सर, टाका काय टाकायचं ते!"

"लेखी द्या."

ती एसटीने जाऊन सही घेऊन आली. शुक्रवारी, मुदतीला चार तास असताना, त्यांनी सॉफ्टवेअर तिच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये टाकलं.

"इथे टाकायला कोणाला विचारावं लागत नाही," ते म्हणाले. "पण विचारलेलं बरं."