बाराच्या भोंग्याची मॅच

फुटबॉलच्या मॅचमध्ये एका बाजूचे अकराच्या अकरा खेळाडू, गोलकीपर धरून, मैदान सोडून पळून गेल्याचं मी आयुष्यात एकदाच पाहिलं. तशी व्यवस्था मीच केली होती.

आधी आमच्या घराबद्दल सांगते, कारण चूक घरातूनच सुरू झाली. आमचे हे सोलापूरच्या एका गिरणीत टाइमकीपर. गिरणीचा भोंगा यांच्या घड्याळावर होतो आणि अर्धं गाव त्या भोंग्यावर उठतं, जेवतं आणि निजतं. घरात यांना स्वतःचा चष्मा सापडत नाही (तो कपाळावर असतो). पण भोंग्यात अर्ध्या मिनिटाचा फरक पडला, तर दिवसभर सुतक आल्यासारखे बसतात. गिरणीच्या भिंतीला लागूनच आमचं बिऱ्हाड. मागचं दार उघडलं की समोर मोकळी जागा आणि तिच्या पलीकडे कामगारांच्या चाळी.

त्या मोकळ्या जागेत चाळीतली पोरं चेंडू खेळायची. चेंडू म्हणजे गिरणीतल्या टाकाऊ सुताचा, वरून चिंध्या गुंडाळलेला गोळा. एके दिवशी तो माझ्या वाळत घातलेल्या शेवयांवर येऊन बसला! मी लाटणं घेऊन बाहेर गेले. बाकीची पोरं पसार झाली. ढोपरं फुटलेला, बारा-तेरा वर्षांचा एकजण तेवढा उभा राहिला. त्याला चेंडू हवा होता.

"नाव काय तुझं?"

"मारुत्या."

"आई कुठंय?"

"गिरणीत. रिळं भरती."

"आणि बाप?"

"त्यो बी गिरणीतच की."

"मग तुमच्यावर लक्ष कोण ठेवतं?"

"तुमीच की, अक्का! लाटनं घिऊन."

शेवया गेल्याच होत्या. मी चेंडू परत दिला. त्याच आठवड्यात यांचा दुपारचा डबा पोचवणारा म्हातारा गावी निघून गेला, म्हणून ते काम मी मारुत्याला दिलं. रोज बाराच्या भोंग्याला तो माझ्या मागच्या दारातून डबा उचलायचा आणि गिरणीत पोचवायचा. (हे वाक्य वाचकांनी ध्यानात ठेवावं. मी ठेवलं नाही.)

मी तेव्हा आमच्या महिला मंडळाची चिटणीस होते. मंडळ कामगार बायकांसाठी व्याख्यानं करवीत असे. 'मुलांना दुपारची विश्रांती', 'अंगणातील फुलझाडे' असले विषय. दिवसभर उभ्यानं रिळं भरून आलेल्या बायका ती व्याख्यानं बसून ऐकत, म्हणजे बसल्या बसल्या झोपत. मला वाटलं, यापेक्षा त्यांच्या पोरांना एक खरा फुटबॉल द्यावा. सभेत त्यावर दीड तास चर्चा झाली. पोरांना खेळ हवा की नको यावर नव्हे! चेंडू चामड्याचा, तर तो ठेवायचा कुणाच्या घरी, यावर. अध्यक्षीणबाई म्हणाल्या, "ठराव ज्यांनी मांडला, त्यांच्या." चेंडू आमच्या न्हाणीघरात बंबामागे राहू लागला. हे म्हणाले, "आता एक बैलही आणून बांध."

तालीम रोज संध्याकाळी व्हायची. एका शाळेचे ड्रिलमास्तर पोरांना शिकवायला येत. मारुत्या कप्तान झाला. गोलात उभा राहायचा दस्तगीर. उंचीनं जेमतेम माझ्या कमरेएवढा, पण चेंडू आला की मांजरासारखा झेप घ्यायचा. "फिकर नक्को करो, अक्का!" असं ओरडायचा आणि गोल वाचवायचा. दोन महिन्यांत पोरं शिट्टीवर थांबायला आणि शिट्टीवर धावायला शिकली. मारामाऱ्या निम्म्यावर आल्या. शिव्या मात्र होत्या तेवढ्याच राहिल्या. त्या माझ्या शिकवणीच्या आवाक्याबाहेरच्या होत्या.

आणि तेवढ्यात मॅनेजरसाहेबांच्या मनात आलं की त्या मोकळ्या जागेवर कापसाच्या गासड्यांचं गोदाम बांधावं.

मी तडक साहेबांकडे गेले. सोलापुरात वाढलेले साहेब. मराठी उत्तम बोलायचे, ऐकायचे मात्र कमी.

"पोरं उनाड आहेत," साहेब म्हणाले. "शिस्त नाही."

"शिस्त आहे. येऊन पाहा."

"ठीक. इंग्रजी शाळेच्या मुलांशी मॅच ठेवा. हरले तरी माझी हरकत नाही. शिस्त दिसली, तर जागा पोरांची. नाही दिसली, तर गोदाम."

मी जवळजवळ नाचतच घरी आले. रविवारी गिरणी बंद, पण रविवारी साहेब शिकारीला जातात. म्हणून गुरुवार ठरला. त्या दिवशी शाळेला कसलीशी सुट्टी होती. साहेबांना वेळ होता अकरा ते साडेबारा. मी कागद-पेन्सिल घेऊन बसले आणि माझ्या ध्यानात आलं की साहेबांचं भाषण नेमकं बाराला येतंय. भोंगा त्यांच्या कानाशी होणार! भाषणाचा विचका आणि जागेचंही वाटोळं!

रात्री पानावर बसल्यावर यांना म्हटलं, "अहो, गुरुवारी बाराचा भोंगा दहा मिनिटं पुढं ढकला."

यांनी हातातला घास खाली ठेवला. "काय म्हणालीस?"

"दहाच मिनिटं."

"उद्या सूर्याला सांगशील, जरा थांब म्हणून!"

"तो माझ्या ओळखीचा नाही. तुम्ही आहात, म्हणून सांगते."

"भोंगा बाराला होतो. तू मेलीस तरी बाराला होईल."

(इतक्या गोड शब्दांत हे माझ्याशी लग्नानंतर पहिल्यांदाच बोलले असतील.)

मग मी डोकं चालवलं. भाषण शेवटी, सव्वाबाराला. मॅच सव्वाअकराला सुरू. म्हणजे भोंगा ऐन खेळात होईल, तेव्हा कुणीच बोलत नसेल, आणि कुणाचंच काही बिघडणार नाही! त्या कागदाकडे मी बराच वेळ कौतुकानं पाहत राहिले.

बुधवारी संध्याकाळी मारुत्याची आई, भागूबाई, कामावरून परस्पर माझ्या दारात आली. केसांत कापसाचे तंतू अडकलेले, पदरानं तोंड पुसत.

"बाई, मॅच उद्या दुपारची हाय म्हनं. मग भाकरीचं कसं?"

"भाकरीची काळजी नको. मंडळातर्फे चिवडा आणि केळी आहेत."

"आवो, पोरांचं न्हाय…"

"सगळ्यांना पुरेल!" मी म्हटलं आणि वही मिटली.

भागूबाईनं मिटलेल्या वहीकडे पाहिलं, "बरं" म्हटलं आणि ती गेली. मिटलेल्या वह्यांची तिला सवय असावी.

गुरुवारी सकाळी मारुत्या आला. मी अंबाड्यात गजरा खोवत होते.

"अक्का, बारा वाजता…"

"बारा वाजता काय व्हायचं ते मी कागदावर मांडलंय. तू गोलाकडं बघ."

"पन भोंगा…"

"भोंगा मध्येच होईल. कुणी बिचकायचं नाही!"

"बिचकत न्हाय वो कुनी," तो म्हणाला आणि माझ्याकडे असं पाहिलं, की मी मोठ्यांदा हसून त्याच्या पाठीत थाप मारली. धीर दिला! यांचा डबा भरून मागच्या दारात ठेवला, कडी लावली आणि मैदानावर गेले. तो डबा आपल्या पायांनी गिरणीत चालत जातो, अशी माझी समजूत असावी.

साहेब वेळेवर आले. त्यांना हार घातला. एक जादा आला होता, तो अध्यक्षीणबाईंनी माझ्या गळ्यात घातला. शाळेची पोरं बूट-मोजे घालून आली. आमची पोरं अनवाणी. पहिल्या दहा मिनिटांत शाळेनं एक गोल केला. मग मारुत्यानं फेडला. दस्तगीरनं दोनदा अंगावर बूट खाऊन चेंडू अडवला. आणि बाराला पाच कमी असताना मारुत्यानं बूटवाल्या तिघांना चकवून दुसरा गोल केला! मंडळाच्या बायका उभ्या राहिल्या. मीही उभी राहिले आणि काय ओरडले ते इथे लिहिण्यासारखं नाही. ते मी त्या पोरांकडूनच शिकले होते.

साहेब माझ्याकडे वळले. "कमाल आहे, बाई. एकही भांडण नाही. रेफ्रीची शिट्टी झाली की पुतळ्यासारखी थांबतात! मी तुम्हाला सांगतो, ही जागा…"

भोंगा झाला. बाराला, अर्ध्या सेकंदाचा फरक नाही.

आमची अकरा पोरं पळाली. चेंडू त्या वेळी दस्तगीरच्या हातात होता. तो चेंडूसकट दहा पावलं धावला, थांबला, परत आला, चेंडू गोलाच्या खांबाशी नीट ठेवला आणि मग चाळीकडे सुटला. पाहता पाहता मैदानाचं ते अर्धं रिकामं झालं. मग चाळीच्या दारादारांतून तीच पोरं बाहेर पडली, हातात भाकरीची फडकी घेऊन, आणि ओळीनं गिरणीच्या फाटकाकडे धावली. बाराला ते फाटक पाव तास उघडं असतं. तेवढ्यात भाकरी आत गेली तर गेली. नाहीतर आईबाप संध्याकाळपर्यंत पाण्यावर. चाळीत ज्याला धावता येतं, त्याचं हे रोजचं काम. बारा वर्षं मी तो भोंगा कान फुटेस्तोवर ऐकत होते. मला तो आवाज होता. भाकरीची वेळ होती ती त्यांना.

सगळ्यांच्या मागून मारुत्या माझ्या मागच्या दाराकडून धावत आला. एका हातात घरचं फडकं, दुसऱ्या हातात आमच्या यांचा पितळी डबा!

इकडे बूट घातलेला एक मुलगा सावकाश चालत गेला आणि खांबाशी ठेवलेला चेंडू त्यानं पायाच्या टोकानं आत ढकलला. रेफ्री झालेल्या ड्रिलमास्तरांनी शिट्टी फुंकली. गोल! मग नियमाप्रमाणे आमच्या बाजूनं खेळ पुन्हा सुरू करायचा होता. ते शिट्टी तोंडात धरून आमच्या बाजूची वाट पाहत उभे राहिले.

"कुठं गेली मुलं?" साहेबांनी विचारलं.

आणि मी, मंडळाची चिटणीस, ठरावावर दीड-दीड तास बोलणारी बाई, म्हणाले, "जेवायला."

"जेवायला! मॅच सोडून?"

"जेवायला नव्हे, साहेब, जेवण पोचवायला."

"कुणाला?"

"तुमच्या गिरणीला."

साहेबांनी खिशातलं घड्याळ काढलं, पाहिलं आणि मिटलं. "शिस्त म्हणजे हातातलं काम न सोडणं, बाई," ते म्हणाले. "तुमच्या यजमानांकडे पाहा. भोंगा कसा काट्यावर झाला!" एवढं बोलून ते टांग्यात बसले. ज्या भाषणासाठी मी हा सगळा घाट घातला, ते झालंच नाही.

वीस मिनिटांनी पोरं परत आली. धापा टाकत आली आणि ज्याच्या त्याच्या जागेवर जाऊन उभी राहिली. दस्तगीर गोलात वाकून, हात पसरून तयार. खुर्च्या उचलणं चाललं होतं.

"चालू करा की, अक्का!" मारुत्या म्हणाला. "आमी आलो." मग माझा चेहरा पाहून, बहुधा मला बरं वाटावं म्हणून, म्हणाला, "तुमचा डबा बी पोचिवला. गरम हुता अजून."

शेवटी पोरांनी चिवडा आणि केळी घेतली आणि ती माझ्या मागच्या दाराच्या पायरीवर बसली.

संध्याकाळी हे खुशीत आले. साहेबांनी सगळ्या खात्यासमोर पाठ थोपटली होती. "आज डबाही कसा वेळेवर आला," हे म्हणाले. "आमटीत मीठ कमी होतं."

पुढच्या महिन्यात गोदामाचा पाया खणला. मी साहेबांकडे दोनदा गेले, एकदा भागूबाईला घेऊन. साहेबांनी तिला विचारलं, पोरं मॅच सोडून का पळाली? ती म्हणाली, "न पळून कसं चालंल? मला भाकर खायची हुती." साहेबांना हे उत्तर बेशिस्तीचं वाटलं. फुटबॉल अजून आमच्या न्हाणीघरात, बंबामागे आहे, हवा गेलेला. मंडळानं कामगारांच्या मुलांसाठी नवं व्याख्यान ठेवलं आहे: 'वेळेचे महत्त्व'. वक्ते, आमचे हे.

मॅचच्या दुसऱ्या दिवशी मी चुलीपुढे बसले होते. साहेबांना एक झणझणीत पत्र लिहायचं होतं. या पोरांएवढी वेळेची शिस्त तुमच्या गिरणीत कुणालाही नाही, असं. एकेक वाक्य मनात घोळवून पाहत होते. बाराला पाच कमी असताना मागच्या दाराची कडी वाजली. मारुत्या उभा होता, एका हातात भाकरीचं फडकं, दुसरा हात डब्यासाठी पुढे केलेला.

"अक्का, आटपा की लवकर! भोंगा व्हतोय."

मी भाताचं झाकण काढलं. तांदूळ अजून टणटणीत होते.