सहीच्या वरची रिकामी जागा

हे मी आजवर कोणालाच सांगितलं नाही. बायकोलाही नाही. ती गेली तेव्हा माझ्याबद्दल चांगलंच मत घेऊन गेली. सांगायची वेळ अनेकदा आली, पण दर वेळी मी विषय बदलला.

ब्रह्मपुरीत आम्ही पाच-सहा निवृत्त माणसं रोज सकाळी बसस्टँडजवळ चहाला जमतो. सध्या तिथे एकच विषय असतो : लोकशाही बिघडली आहे आणि घटना दुरुस्त केल्याशिवाय ती ताळ्यावर येणार नाही. आमच्यातले एक निवृत्त प्राध्यापक कोणतं कलम बदलावं ते रोज नव्यानं सांगतात. परवा ते मला म्हणाले, "भाऊ, तुमची सारी नोकरी पंचायतीत गेली. संविधान दिनाले कॉलेजात या, अन् त्र्याहत्तराव्या दुरुस्तीनं गावात काय बदललं ते पोरांले सांगा."

मी गुडघा दुखतो म्हणालो. गुडघा ठीक आहे. त्या दुरुस्तीनं काय बदललं हे मला चांगलं माहीत आहे, कारण एका गावात जे बदललं होतं ते मीच पुन्हा पहिल्यासारखं करून ठेवलं.

मी ग्रामसेवक होतो. आमच्याकडे सचिव म्हणतात. आलापल्लीच्या पुढचं, सागाच्या जंगलातलं एक गाव माझ्याकडे होतं. दुरुस्तीनं पंचायतीत बायकांच्या जागा राखून ठेवल्या आणि एका खेपेला तिथलं सरपंचपद आदिवासी बाईच्या वाट्याला आलं. निवडून आली ती चाळिशीची एक गोंड बाई, विधवा, शाळेची पायरी न चढलेली. उपसरपंचानं तिला उभं केलं होतं. बाई खुर्चीत बसेल आणि कारभार आपण करू, असा त्याचा बेत. माझाही तोच होता.

तिला सही मी शिकवली. आठ दिवस पाटीवर गिरवून घेतली. ऐकायला हे पुण्याचं काम वाटतं. पण मला तिनं शिकायला नको होतं, मला तिची सही हवी होती.

ग्रामसभेचं रजिस्टर लिहायची माझी एक पद्धत होती. सभेत झालेले दोन-तीन ठराव लिहायचे, मग अर्धं पान कोरं सोडायचं आणि अगदी तळाला सरपंचाची सही घ्यायची. पुढे वरून एखादा ठराव तातडीनं मागितला, की तो त्या कोऱ्या जागेत बसवता यायचा. पुन्हा सभा नको, कोणाला विचारणं नको. सभेला आले नाहीत त्यांचे अंगठे मी नंतर घरोघर फिरून घ्यायचो.

पाच-सहा महिने बाई मुकाट्यानं सही करत गेली. मग एके दिवशी पेन हातात धरून थांबली.

"सचिव भाऊ, वरती एवढी जागा काऊन रिकामी सोडून राह्यले?"

"तसाच नियम आहे, बाई."

"मले वाचता येत नाई जी. पण रिकामं दिसते ना!" असं म्हणून तिनं शेवटच्या ओळीपासून खालपर्यंत एक तिरपी रेघ ओढली आणि तिला चिकटून सही केली.

उपसरपंच हसला. "बाई, हे रजिस्टर हाये, तुमच्या धानाची बांधी नाई!"

"बांधीच हाये," ती म्हणाली. "धुऱ्याचा बांध नाई घातला त शेजारचा नांगर घालते. तूच त घालतेस दरवर्षी."

सगळे सदस्य हसले, उपसरपंचाचा चेहरा पडला. त्या दिवसापासून प्रत्येक सभेनंतर ती रेघ ओढायची. ठराव आधी मोठ्यानं वाचायला लावायची, तोही दोनदा. सभेला बायका येऊ लागल्या. त्या दुरुस्तीत जे लिहिलं होतं ते मी नोकरीत तेवढंच एकदा डोळ्यांनी पाहिलं, आणि मला त्याचा त्रास वाटायचा.

गावाच्या मागे मोहाच्या झाडांची एक टेकडी होती. तालुक्याच्या एका पुढाऱ्याला तिथला मुरूम हवा होता. ग्रामसभेनं दोनदा नाही म्हटलं, ठराव मांडूच दिला नाही. तेव्हा माझी मुलं मोठी झाली होती आणि मला ब्रह्मपुरीकडे बदली हवी होती. पुढारी म्हणाला, "बदलीचं मी पाहतो. तुमी ठरावाचं पाहा."

रजिस्टर मी घरी आणलं. रेघेच्या आधीची पानं चाळली. एक पान सापडलं. सभेला मोजकीच माणसं आली होती, अर्धं पान कोरं होतं आणि तळाला तिची सही होती, पाटीवरून नुकतीच कागदावर उतरलेली. त्या जागेत मी लिहिलं : टेकडीवरून मुरूम काढण्यास ग्रामसभेची हरकत नाही.

यंत्रं आली, मोहाची झाडं आडवी झाली. गाव बाईच्या अंगणात जमा झालं. "तूच सही केली," असं तिच्या जावेनंही तोंडावर म्हटलं. ती सरळ माझ्याकडे आली. "सचिव भाऊ, तुमी होते ना तिथी. तुमी सांगा लोकाइले."

मी म्हणालो, चौकशी होईल तेव्हा सांगेन.

चौकशीला विस्तार अधिकारी आले. सगळ्या गावासमोर त्यांनी मला विचारलं, हा ठराव कधी लिहिला? मी म्हणालो, सभेतच. वाचून दाखवला, मग बाईंनी सही केली. तेवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण मी पुढची पानं उलटून दाखवली आणि म्हणालो, "सरकारी दस्तऐवजावर बाई अशा रेघोट्या ओढतात." लोक हसले. ती माझ्याकडे बघत राहिली. महिन्याभरात तिच्यावर अविश्वास ठराव आला. तो मात्र खरोखर सभेत झाला. लिहिला मीच. त्याच वर्षी माझी बदलीही झाली.

मागच्या उन्हाळ्यात बस बदलत बदलत मी त्या गावी गेलो. काय बोलायचं ते वाटेत पाठ करत होतो. ती अंगणात मोहफुलं वाळवत बसली होती, केस पूर्ण पिकलेले. मला लगेच ओळखलं. सुनेला म्हणाली, "खाट टाक वं. हे सचिव भाऊ. यायनंच मले सही शिकवली."

कोरा चहा आला. समोर टेकडीच्या जागी खड्डा होता, त्यात हिरवं पाणी. माझी नजर तिकडे गेलेली पाहून ती म्हणाली, "माहीच चूक जी. रेघ ओढाचं उशिरा सुचलं."

मी कप खाली ठेवला. पाठ केलेलं सगळं तोंडात आलं होतं.

"काही काम होतं का, भाऊ?"

"नाई, बाई. इकडून जात होतो."

परतीच्या बसमध्ये ते मी शब्दन् शब्द म्हणालो, खिडकीकडे तोंड करून : बाई, तुमची चूक नाही. तो ठराव सभेत झालाच नव्हता. तुमच्या सहीच्या वरच्या रिकाम्या जागेत तो मी माझ्या घरी बसून लिहिला. मला माफ करा.