वार्ताहर, काष्टी

काष्टीच्या वाळूउपशाची बातमी माझी नव्हती. त्या बातमीमुळं धोक्यातल्या पत्रकारांना आसरा देणाऱ्या ज्या संघटनेनं मला जर्मनीत आणलं, तिलाही मी हे गेल्या महिन्यापर्यंत सांगितलं नव्हतं. तुम्हाला, माझ्या माणसांना, आज पहिल्यांदाच सांगतोय.

भिंगारच्या घरातून निघालो त्या सकाळी खिडकीची काच फुटलेलीच होती. दगड मारणाऱ्यांना बातमीवरचं माझं नाव वाचता येत होतं. आईनं शेंगदाण्याची चटणी बांधून दिली आणि एवढंच म्हणाली, "तिकडं जाऊन गप बसू नको." निरोपाला भाऊसाहेब काष्टीहून मोटारसायकलवर आला होता. नदीत उतरून डंपरचे फोटो काढले होते ते त्यानं. स्टँडवर पेपर विकायचे, जाहिराती मिळवायच्या आणि बातम्या धाडायच्या, हा त्याचा धंदा. पण आपल्याकडची रीत तुम्हाला माहीत आहे. गावचा माणूस फोनवर सांगतो, पेपरच्या नगर कचेरीतला माझ्यासारखा लिहितो. मोठ्या बातमीवर नाव कचेरीतल्याचं, बारक्या बातमीवर नुसतं 'वार्ताहर, काष्टी'.

संघटनेला पत्रकार असल्याचा पुरावा हवा होता, म्हणजे छापून आलेलं नाव. माझ्याकडं कात्रणांचा गठ्ठा होता. भाऊसाहेबाकडं काहीच नव्हतं, आणि त्याचा स्टॉल तर त्याच आठवड्यात जाळला होता.

"तुझं नाव हाय, तू जा," तो म्हणाला. "आन् त्यांना सांग, वार्ताहर हे माझं आडनाव हाय."

हसलो आम्ही. मी मात्र सांगितलं नाही. बातमी त्याची म्हटलं तर माझा अर्ज अडेल, ही भीती.

इथं जर्मनीत टर्मिन, म्हणजे भेटीची वेळ, घेतल्याशिवाय कुणी कुणाला भेटत नाही. भाऊसाहेब बाजारातनं नुसती चक्कर मारून चार बातम्या आणायचा. आता मी त्याच संघटनेत जगभरचे अर्ज वाचतो. गेल्या महिन्यात त्याचाच आला. पुन्हा धमक्या सुरू झालेल्या, आणि वर शेरा: पुरावा नाही. नोकरी गेली तर गेली म्हणत मी वरिष्ठ बाईंना सगळं सांगितलं. त्यांनी अर्ज पुन्हा पुढ्यात ओढला आणि म्हणाल्या, "असे किती जण आपण परत पाठवले असतील?" आता सहकाऱ्याची साक्षही पुरावा म्हणून चालते.

इथून धाडलेल्या पत्रानं नदीतला डंपर थांबत नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. पण या धमक्यांबद्दल संघटनेनं आपल्या सरकारला विचारलं, संयुक्त राष्ट्रांच्या कचेरीनंही विचारलं. कुणीतरी बाहेरून विचारतंय म्हटल्यावर उत्तर द्यावं लागतं. भाऊसाहेबाला वकील मिळाला, त्यानं पुन्हा उभ्या केलेल्या स्टॉलपाशी पोलीस उभा राहिला.

"ह्ये सांगायला एवढी वर्सं लावलीस व्हय रं?" तो फोनवर म्हणाला. "आता पोलीस रोज फुकट पेपर वाचतो माझा." इकडं ये म्हटलं, तर म्हणतो, "मग नदीकडं कोन बघंल?"

भिंगारच्या घराची आठवण येतेच. पण घर म्हटलं की आता आधी काष्टीचा तो स्टॉल दिसतो. तिथं, भर बाजारात उभं राहून, ती बातमी भाऊसाहेबाची होती हे सांगणं माझ्याकडून अजून राहिलं आहे.