नुसतं बघायला

आमच्याकडे माणूस पुण्याला जातो ते लग्नाला, दवाखान्यात, कोर्टात, नाहीतर पोरांच्या ॲडमिशनला. यातलं काहीच नसेल तर लोक तुमच्याकडे जरा निरखून बघतात.

आमचे हे, वाल्मिक मिस्त्री, नेवाशात तीस वर्षं सुतारकाम करतात. सागवानावर वेल कोरावी तर ह्यांनीच. पण आता कोरायला सांगतंय कोण? लोकांना तयार दार पाहिजे, वरून सनमायका चिकटवला की झालं. घर चालतं त्यावर, माझी तक्रार नाही. मात्र चांगल्या हाताच्या माणसाला दिवसभर प्लाय कापताना बघून माझं डोकं फिरतं.

दिवाळीनंतर ह्यांना मोबाईलवर पुण्यातल्या एका संग्रहालयाचा व्हिडिओ सापडला. पेशवाईतली कोरीव दारं, खांब, चौकटी. हे जेवताना तोच बघायचे, चहा पितानाही तोच. मोठं करून बघायला गेलं की चित्र फुटायचं. "कोरताना खोली किती घेतलीय तेच दिसत नाही," म्हणायचे. संसारात ह्या माणसाने स्वतःसाठी कधी काही मागितलं नाही. मीच म्हटलं, चला, जाऊन बघू.

मग ह्यांनी प्लायच्या तुकड्यावर पेन्सिलीने बेत लिहिला. शनिवार अख्खा संग्रहालयाला. रविवारी सकाळी पेठांमधली जुनी देवळं, त्यांचे लाकडी सभामंडप. खाण्याचं खातं माझ्याकडे. मी मिसळ, मस्तानी आणि इराण्याकडचा बनमस्का असं लिहायला लावलं. मुक्काम लॉजवर. पन्नाशी आली, मी लॉज आतून पाहिलेला नाही. दोन दिवस कुणाची कणीक मळायची नाही, या विचारानेच मला हसू यायचं.

आणि मग मी तोंडाने घाण केली. थोरल्या जाऊबाई, भागूबाई, आमच्याकडे ठेवलेलं त्यांचं दळण घ्यायला आल्या होत्या. त्यांनी प्लायचा तुकडा बघितला.

"पुण्याला? काय काम हाय?"

"काही नाही, बघायला चाललोय."

"कुनाला बघायला? कोन आजारी हाय?"

"कुणी नाही. दारं बघायला."

"दारं?" त्या खो खो हसल्या. "घरात काय कमी दारं हायेत व्हय? अगं, लोक काय म्हनतील!"

त्या हसण्याने माझं टाळकं सटकलं. विषय संपावा म्हणून मी म्हणून गेले, "ह्यांचे डोळे दाखवायचेत. कामात त्रास होतोय."

भागूबाईंचं हसू तिथेच थांबलं. त्या दळण विसरून घरी गेल्या.

दवाखान्याला आमच्यात कुणी एकटं जात नाही आणि जाऊ देतही नाहीत. हे मला माहीत नव्हतं असं थोडंच आहे! तासाभरात थोरले दीर काकासाहेब दारात हजर. "वाल्मिक, सांगायचं न्हाई व्हय रं? मी काय मेलो का?" त्यांनी शनिवारची पाण्याची पाळी दुसऱ्याला देऊन टाकली, जीप काढायचं ठरवलं, वाघोलीच्या मेहुण्याला फोन करून डोळ्यांच्या दवाखान्यात नंबरही लावला. त्यांचे डोळे भरून आले होते. त्या माणसाला आता खरं कोणत्या तोंडाने सांगणार? मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी बेताचा तुकडा भिंतीकडे तोंड करून ठेवला आणि म्हणाले, "जाऊ दे." चिडले असते तर बरं वाटलं असतं मला.

शनिवारी जीपमध्ये आम्ही चौघं. सोबत भागूबाईंचा डबा. भाकरी, पिठलं, ठेचा. "आजारी मान्साला भाईरचं नगं," त्या म्हणाल्या. सुप्याजवळ मिसळीचं हॉटेल दिसलं, मी तोंड दुसरीकडे फिरवलं. लॉज तर गेलाच, रविवारही गेला, कारण गावात बातमी पसरली होती आणि रविवारी लोक ह्यांना भेटायला घरी येणार होते.

दवाखान्यात दोन तास बसलो. पडदा तपासायचा म्हणून ह्यांच्या डोळ्यांत थेंब घातले. शेवटी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काका, तुमचे डोळे उत्तम आहेत. थेंबांमुळे चार-पाच तास जवळचं धूसर दिसेल, उजेड सहन होणार नाही, एवढंच."

"नीट बघितलं ना बाई?" काकासाहेब म्हणाले. "लई लांबून आनलंय."

बाहेर आल्यावर मी हट्टच धरला. आलोच आहोत तर ते संग्रहालय बघू, अर्धा तास. काकासाहेब खुशीत होते, भाऊ बरा निघाला होता. त्यांनी जीप वळवली आणि स्वतः गाडीतच थांबले.

त्या दालनात शिरलो आणि समोर दार. व्हिडिओतलंच. हे त्याच्या पुढ्यात उभे राहिले, डोळे बारीक केले, मान पुढे नेली, मागे घेतली. त्यांना लाकडाचा रंग तेवढा दिसत होता. मला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं. ह्यांचा हात आपोआप पुढे गेला.

"काका, हात लावायचा नाही," पहारेकरी ओरडला.

ह्यांनी हात मागे घेतला. तेवढ्यात ह्यांचा दंड धरून उभ्या असलेल्या भागूबाई कळवळून म्हणाल्या, "दादा, त्येन्ला दिसत न्हाई ओ. दवाखान्यातनं आनलंय. सुतार हायेत. लावू द्या की."

पहारेकऱ्याने इकडेतिकडे बघितलं. मग म्हणाला, "हळू. एकदाच."

ह्यांनी अंगठा वेलीवरून वर नेला, खाली आणला. "तीन सूत खोल," पुटपुटले. "आणि इथे पटाशी घसरलीय कोरणाऱ्याची. मग त्यानं तिथंच कळी काढलीय." ह्यांच्या चेहऱ्यावर इतक्या वर्षांत मी असा आनंद पाहिला नव्हता, आणि तो बघून मला आणखीच रडू यायला लागलं. माझे डोळे धडधाकट, मला सगळं दार लख्ख दिसत होतं, आणि त्यातलं मला काही म्हणजे काही कळत नव्हतं.

"तू बघून सांग ना," हे म्हणाले. "मधल्या वेलीला पानं किती आहेत? घरी जाऊन कोरून बघतो."

मी पदराने डोळे पुसले आणि मोजायला लागले. अकरापर्यंत आले तोच बाहेर जीपचा हॉर्न वाजायला लागला. भागूबाई म्हणाल्या, "चला, उशीर व्हतोय, लोकं यायचीत उद्या."

"येऊ द्या," मी म्हटलं आणि पुन्हा खालच्या पानापासून सुरुवात केली.