डाळ शिजेल तिथं बिऱ्हाड

आमचं बिऱ्हाड रत्नागिरीत लागलं ते मुरुगवाड्यातल्या जनाआक्कांमुळे, हे आधीच सांगून टाकतो. पुढचं वाचून तुम्हाला वाटेल की त्यात माझाही काही हात होता. होता. तो नसता तर काम दुपारीच उरकलं असतं!

मी मूळचा मंडणगडाकडचा, डोंगरातला. मराठी तिसरीत होतो तेव्हा बापानं शाळेतून उठवून बैलांमागं लावला. मोठा झाल्यावर रत्नागिरीच्या बंदरावर कौलांच्या वखारीत नोकरीला लागलो. गलबतातून मंगळुरी कौलं उतरवून घ्यायची, फुटकी बाजूला काढायची, आणि रात्री त्याच कौलांच्या दोन थप्प्यांमधे पथारी टाकायची. घरी जायचं तर आगबोटीनं हर्णै, आणि तिथून पायांचे तुकडे पडेस्तोवर चाल. आमच्या गावाला रत्नागिरी म्हणजे परदेशच!

घरी आई, बायको, मुलगी शेवंती आणि धाकटा बाळू. शेवंती गावच्या शाळेत चौथी पास झाली, तीही पहिल्या नंबरानं. (चौथीत दोघंच होती, पण पहिला नंबर तो पहिला नंबर!) पुढची इयत्ता गावात नाही. माझ्या आईनं लगेच तिच्यासाठी मुलगा हेरला. पावसाळा सरला की सुपारी फोडायची, असं जवळजवळ ठरलंच. मी शिमग्याला घरी गेलो तेव्हा शेवंतीनं पाटी स्वच्छ पुसून कोनाड्यात उपडी ठेवली. ते मात्र मला बघवेना.

मी आईला म्हटलं, "पोरीला रत्नागिरीला नेतो. तिथं मुलींची शाळा आहे."

आई तोंड उघडायच्या आत शेवंतीची आईच म्हणाली, "आणि तिथल्या पाण्याचं काय? तुमीच सांगता ना दर वेळी, तिथं डाळ शिजत नाय म्हणून?"

सांगत होतो खरा. वखारीत मी हातानं रांधायचो, आणि डाळ काही केल्या शिजायची नाही. गारगोट्या नुसत्या! घरी गेलो की या हालांचं मी असं रसभरित वर्णन करायचो की ताटात चार घास जास्तच पडायचे. आता तेच वर्णन माझ्या आडवं आलं.

आमच्याकडची रीतच तशी. नवी वाडी वसवायची असो की परक्या गावात लेक द्यायची असो, आधी तिथल्या विहिरीच्या पाण्यात तुरीची डाळ शिजवून बघायची. मऊ झाली तर माणूस तिथं सुखानं नांदेल. टणक राहिली तर पोटाची दुखणी ठरलेली. शेवंतीच्या आईनं निकाल दिला, "जागा मी बगणार. डाळ शिजली तर ऱ्हाणार. नाय शिजली तर पोरांना घेऊन त्याच दिवशी माघारी!"

मला वखारीतून सवड मिळाली आणि आईला गावी ठेवून बायको-पोरं रत्नागिरीला आली तेव्हा मिरगाच्या आधीची शेवटची आगबोट त्याच संध्याकाळी परत जायची होती. ती सुटली की पार गणपती होईपर्यंत बोटी बंद. शेवंती त्या बोटीनं माघारी गेली तर शाळेत नाव घालायचे दिवस निघून जाणार आणि तिकडं सुपारी फुटणार. पोरीचं सगळं आयुष्य मूठभर डाळीत!

सकाळी आगबोटीतली माणसं घेऊन पडाव धक्क्याला लागला. बायकोच्या काखेत गाठोडं, शेवंतीच्या हातात टोप, बाळूच्या हातात डाळीची पुरचुंडी. मागून खलाशानं एक जड पोतं शिव्या देत धक्क्यावर आदळलं.

"ह्यात काय?" मी विचारलं.

"चुलीचे दगड."

"अगो, रत्नागिरीला दगड आणलेस? आख्खं शहर जांभ्यावर बसलंय!"

"परक्या दगडांचा काय भरवसा? तीन दगड तरी आपले असू देत."

दगड मी डोक्यावर घेतले आणि आमची वरात निघाली.

पहिली जागा बंदराजवळ, मांडवीला. माझ्या एका सोबत्याच्या शेजारची खोली. विहिरीकाठी चूल मांडली, डाळ चढवली. शेवंतीची आई खोली बघायला आत गेली आणि टोपाशी मी राखण, जवळच पोरं. मनात धाकधूक. माझ्या खिशात कायम आमसुलं असायची, ऊन बाधू नये म्हणून चघळायला. माझा पक्का समज होता की आंबटानं डाळ लवकर फुटते. (कोणी सांगितलं? कोणीच नाही! पण वखारीत मी आधी आमसूल टाकायचो आणि मग डाळ.) म्हटलं, देवानं हात दिलेत, थोडी मदत करावी. चार आमसुलं हळूच सोडली.

बऱ्याच वेळानं बायकोच्या येण्याची चाहूल लागली. मी घाईघाईनं आमसुलं पळीनं काढली, आणि टाकणार कुठं? तोंडात! ती उकळती. डोळ्यांतून घळाघळा पाणी.

तिनं डाळीचा दाणा चिमटीत दाबून बघितला. दाणा टणक. मग टोपात वाकून म्हणाली, "बगा, पाणी तांबडं झालं! जांभ्याचं पाणी! ह्यात डाळच काय, माणूस पण शिजायचं नाय." आणि माझ्या तोंडाकडं बघून एकदम मवाळ झाली. "आता रडू नका. दुसरी जागा बगू."

दुसरी जागा वरच्या अंगाला, ब्राह्मणांच्या घरांजवळ. आम्ही कुळवाडी, तिथल्या विहिरीला हात लावायचा नाही हे ठाऊक होतं. एका वृद्ध गृहस्थांनी गड्याकडून टोपात वरून पाणी ओतवलं आणि स्वतः पायरीवर येऊन आमच्यासमोर बसले.

"काय हो, नवस का?"

मी मान हलवली. (मोठ्या माणसांनी काही विचारलं की माझी मान आपोआप हलते. सवय!)

"असं का! मग नारळ नको का? अगो, नारळ आण गो! आणि केळीचं पान!"

नारळ आला, पान आलं, हळदकुंकू आलं. शेजारपाजारच्या बायका येऊन आमच्या टोपाला नमस्कार करून गेल्या! गृहस्थ काही जागचे हलेनात, त्यामुळे मला खिशात हात घालता येईना. आणि चमत्कार बघा, डाळ लोण्यासारखी शिजली!

तेवढ्यात ते आपण होऊन म्हणाले, "परसातली खोली रिकामी पडलीय. कोणी सरळ बिऱ्हाडकरू मिळाला तर देणार आहे."

बायकोनं मला कोपर मारलं. "विचारा ना!"

"कसं विचारू? आपण नवसाचे!"

"मग सांगा, नवस नाय म्हणून!"

"बायका पाया पडून गेल्या गो! आता सांगितलं तर हाकलतील!"

शेवटी त्या भल्या गृहस्थांनीच आम्हाला वाटेला लावलं. "नवसाच्या माणसांनी मागं वळून बघू नये. सरळ चालायचं." आम्ही सरळ चाललो. मागं सोन्यासारखी खोली!

चालता चालता मुरुगवाड्यात पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. तिथं जनाआक्का राहायच्या. नवरा गेलेला, मुलगा मुंबईला गिरणीत, आक्का माडांची राखण करून एकट्या. अंगानं भरलेल्या, आवाजानं त्याहून. त्यांची मागची पडवी रिकामी होती. आम्ही चूल मांडतोय बघून त्या बाहेर आल्या.

"हे काय चाललंय गो बाय?"

"तुमच्या पाण्यात डाळ शिजते का बगतो," शेवंतीची आई सरळ म्हणाली.

"माझ्या विहिरीची परीक्षा? माझ्या? अगो, अर्धा वाडा माझं पाणी नेतो! घाल डाळ! मी बसते इथं!"

आरडाओरडा ऐकून वाडीतली माणसं गोळा झाली. आक्का सगळ्यांना विहिरीची कीर्ती सांगण्यात दंग, बायको लाकडं पुढं सारण्यात दंग. मी बघितलं, इथं हरलो तर सगळंच गेलं. आणि उरली होती ती सगळी आमसुलं टोपात सोडली.

डाळ रटरटत राहिली. दाणा काही फुटेना. पाणी मात्र मांडवीपेक्षाही तांबडं झालं.

"बगा," बायको हताश होऊन म्हणाली. "हितंबी तेच."

आक्का टोपात वाकल्या आणि त्यांचा चेहरा पडला. "सासरी आल्यापासून पितेय मी हे पाणी! असं कधी नाय झालं!" घोळक्यात कुजबूज सुरू झाली. आणि नेमका तेव्हाच बंदरावरून बोटीचा भोंगा वाजला.

तेवढ्यात शेवंती पुढं आली. दहा वर्षांची पोर, इतक्या माणसांत. म्हणाली, "आक्का, तुमचं पाणी चांगलं आहे. मांडवीला बाबांनी आमसुलं टाकली, तिथं डाळ शिजली नाही. वर ते आजोबा समोर बसले होते, म्हणून बाबांना टाकता आली नाहीत. तिथं शिजली. इथं परत टाकली."

तिची आई ओरडली, "अगो, मग मघाशीच का नाय बोललीस?"

"एकदाच बघून कसं सांगायचं, आये? परत तसंच होतंय का ते बघितलं. आता खात्री झाली."

सगळा मुरुगवाडा माझ्याकडं बघायला लागला.

"अवो," बायको हळूच म्हणाली, "वखारीत पण?"

"आधी आमसूल," मी म्हटलं, "मग डाळ."

"इतकी वर्षं?"

"इतकी वर्षं."

आक्का अशा हसल्या की झाडावरचे कावळे उडाले. "मेल्या, आंबट आधी घातलंस तर डाळ जन्मात शिजायची नाय! आमच्या मांजराला पण कळतं ते! आणि माझ्या विहिरीचं नाव घालवायला निघालास?"

पण शेवंतीची आई हसली नाही. तिनं गाठोड्याला हात घातला. "पोर म्हणते ते खरं असंल. पण डाळ अजून शिजलेली नाय. आणि ही बोट गेली तर दुसरी नाय."

तिनं गाठोडं उचलायच्या आत जनाआक्का त्याच्यावर बसल्या! ऐसपैस!

"आक्का, उठा."

"नाय उठत. माझ्या पाण्याला नावं ठेवून कोण जातं ते बघते! टोप घास, दुसरी डाळ घाल. आणि कोणीतरी ह्या बाबाचे हात धरा रे!"

दोघा शेजाऱ्यांनी खरंच माझे हात धरले. एकेक हात एकेकाकडं. आक्कांना उठवायचं तर बंदरावरची ओझी उचलायची यारी आणावी लागली असती, त्यामुळे बायकोनं मुकाट्यानं डाळ चढवली. दुसरा भोंगा झाला. ती एकदा टोपाकडं बघायची, एकदा समुद्राकडं. शेवंती चुलीत लाकूड सारत होती, मान खाली घालून. तिसरा भोंगा झाला. माडांच्या वरून बोटीचा धूर सरकत सरकत दिसेनासा झाला.

मग बायकोनं दाणा काढला आणि दोन बोटांत दाबला. त्याचा पार लगदा झाला. तिनं बोटं पदराला पुसली आणि म्हणाली, "बाळू, चुलीचे दगड पडवीत घे."

शेवंतीचं नाव शाळेत घातलं तेव्हा फी भरायला मी गेलो आणि तिच्या वह्यांना पुठ्ठे घालायला आक्का बसल्या. परवा शेवंती सातवीची व्हर्नाक्युलर फायनल परीक्षा पास झाली. आमच्या आख्ख्या कुळात पहिली! ज्या आजीनं तिच्यासाठी मुलगा हेरला होता तीच आता गावभर सांगत फिरते, की नातीला मीच पाठवलं. सांगू दे. वखारीत मीही जो भेटेल त्याला सांगतो. कौल फुटलं तरी हल्ली कोणी मला रागावत नाही, म्हणतात, फायनलवालीचा बाप आहे!

जनाआक्कांचे उपकार मात्र डोक्यावर तसेच आहेत. त्या कधी रत्नागिरीच्या बाहेर गेलेल्या नाहीत, आणि हेदवीच्या दशभुजा गणपतीला जायचं त्यांच्या फार मनात आहे. एक ना एक दिवस मी त्यांना नेणार, बोटीनं नेणार, पुढं गाडी करून नेणार, हा माझा शब्द! आक्का तयार आहेत. त्यांची अट एवढीच: वाट शेवंती विचारेल, रांधेल तिची आई, पैसे बाळू देईल, आणि मी पूर्ण प्रवासभर दोन्ही हात खिशाबाहेर ठेवून बसायचं. मी कबूल केलं. त्यावर आक्का शेवंतीला म्हणाल्या, "तरी पण गो, आधी ह्याचे खिसे बघ!"