टँकरसमोरची परेड

आता शिस्तीत केलेली फजिती कशी असते, ते ऐका! चहा घेता घेता ऐका, पण ठसका लागला तर मी जबाबदार नाही.

नौदलात मी साधा खलाशी म्हणून लागलो आणि चढत चढत मास्टर चीफ झालो. म्हणजे काय? अधिकारी हुकूम सोडून मोकळा. जहाजभर पोरांकडून तो पाळून घेतो, तो मास्टर चीफ! आणि स्वतः सगळ्यांच्या शेवटी जेवतो.

निवृत्तीनंतर संभाजीनगरात, बीड बायपासपलीकडं घर बांधलं. कॉलन्या उगवल्या, नळ काही आला नाही. त्यात दुष्काळ! टँकर दिसला की हंड्यांची लढाईच.

त्या दिवशी लेकीचा साखरपुडा. संध्याकाळी वैजापूरचे पाहुणे येणार, घरात आचारी पाण्यासाठी खोळंबलेला. मी बादल्या घेऊन कोपऱ्यावर उभा. टँकर आला आणि गर्दी तुटून पडली.

झालं, माझ्यातला चीफ जागा झाला! "सावधान! एका घराला दोन बादल्या! म्हातारी माणसं पुढं!"

अन् काय सांगू, अख्खी कॉलनी रांगेत!

ड्रायव्हर सलीमभाई मध्येच म्हणाला, "साब, सुनो तो, ये टँकर..."

"रांगेत बडबड नाही! नळी धरा!"

"अरे पर साब..."

"नळी!"

थेंब सांडला नाही. शेजारच्या देशपांडेकाकूंनी टाळ्या वाजवल्या. मलाच कॉलनीचा अध्यक्ष करायचं, हेही तिथंच ठरलं. माझा नंबर शेवटचा; तोवर टँकर कोरडा. तरी छाती फुगलेलीच!

तेवढ्यात बायको धावत आली. "अहो, आपला टँकर आला का? सकाळीच सांगितलं व्हतं, साखरपुड्यासाठी खास मागवलाय! पेपरातून मान डोलावली की तुम्ही!"

सलीमभाईनं कपाळाला हात लावला. "वहीच तो बोल रहा था, भाभी! साब ने पूरा बाँट डाला."

मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं. कॉलनी मात्र पोट धरून हसली. मग काकूंनीच बादली उचलली, "चला, चीफच्या घरी!" सगळी रांग आमच्या दारात! टाकी भरली, साखरपुडा दणक्यात झाला.

जेवताना व्याह्यांना मी रांगेचा पराक्रम रंगवून सांगितला. टँकर कुणाचा, तेवढं गाळलं.

व्याही खूश. "वा! मग लग्नातही पाण्याचं काम तुमच्याकडंच!"

"नका हो," बायकोनं हात जोडले. "वऱ्हाडाला घोटभर उरायचं नाय, अन् सगळं गाव शिस्तीत पाणी पिऊन जाईल!"