उबेच्या खोलीत बसणारे भावोजी

माझे भावोजी, म्हणजे धाकट्या बहिणीचे यजमान, बर्फाच्या कारखान्यात राबून गुडघे गमावून बसले. पुढे त्यांना जी नोकरी मिळाली ती घरात कोणाला खरीच वाटेना. प्रयोगशाळेतल्या एका खोलीत खुर्चीवर बसून राहायचे. बाकी काही नाही.

खोली खास बांधलेली. फरशीखाली गरम पाण्याच्या नळ्या, भिंतींना नि छताला जाड फोमचे अस्तर, खिडकी नाही. फरशीची ऊब वर कशी चढते, भिंतींतून किती निसटते, ते बाहेरच्या यंत्रांवर दिसे. पण घर म्हटले की माणूस आला, आणि माणसाच्या अंगालाही ऊब असते. म्हणून हिशेबात एक जिवंत माणूस हवा होता. भावोजींचे गुडघे तिथे सुखावले. बहीण म्हणायची, बसून खाणारे पुष्कळ पाहिले, बसण्याचा पगार घेणारे हेच.

अडचण दुपारची होती. डबा खाऊन झाला की खोली तेवढीच उबदार ठेवायला फरशीला जास्त आच लागू लागे. प्रयोगशाळेच्या प्रमुख बाईंनी ठरवले की भिंतीतून ऊब गळतेय. आतून अस्तराचा आणखी एक थर चढला. खोली अधिक निवांत झाली आणि दुपारची तूट वाढली. पुन्हा थर, पुन्हा तूट. होता होता भावोजींनी पाय पसरले की ते समोरच्या भिंतीला टेकू लागले.

भावोजींना कारण ठाऊक होते. ते झोपत. झोपलेले अंग जागत्यापेक्षा कमी ऊब देते, हे बाईंनीच त्यांना पहिल्या दिवशी समजावले होते. पण नोकरी जाईल म्हणून ते गप्प होते.

"अहो, सांगून टाका," बहीण शेवटी म्हणाली. "नाहीतर तुम्हाला भिंतीत चिणून ठेवतील."

त्यांनी सांगितले. बाईंनी नोंदवही पुढे ओढली. मग विचारले, "घोरता का?"

"बायको म्हणते."

बाई रागावल्या नाहीत. लोक घरात झोपतातही, तोही हिशेब हवाच, म्हणाल्या. उद्यापासून दुपारी रीतसर झोपायचे. झाले, भावोजींची झोपच उडाली. बाहेर सगळे यंत्रांपाशी श्वास रोखून उभे, आत हे डोळे घट्ट मिटून ताठ. काळजीने अंग असे तापले की आकडे भलतीकडेच चढले. बाईंनी आठवडाभर वाट पाहिली आणि शांतपणे सांगितले, की असेच चालले तर खुर्चीवर विजेचा दिवा ठेवू. त्याची ऊब तरी ठरलेली असते.

दिव्याने नोकरी घालवायची म्हणजे फारच झाले. त्यांना झोपवायला बहीण स्वतः प्रयोगशाळेत गेली. दुसरी खुर्ची मावेना, म्हणून अस्तराचे दोन थर काढावे लागले. दार लागल्यावर तिने जावेच्या नव्या स्वयंपाकघराची हकीकत सुरू केली. ओट्याचा रंग ठरण्याआधीच भावोजी घोरू लागले.

ती थांबली की ते जागे होत. तेव्हा बाईंनी दोघांनाही ठेवून घेतले. कागदोपत्री भावोजी 'झोपलेला माणूस' आहेत आणि बहीण 'बोलणारा माणूस'. तिला पगार थोडा जास्त आहे, कारण ऊब ती जास्त देते.